काकाजी आणि शून्यावा भाग

काकाजी आज आहेत की गेले, हे मी तुम्हाला सांगणार नाही. हा लेख संपेपर्यंत नाही, आणि संपल्यावरही नाही. त्यांच्या घरात मी किरायानं राहिलेला माणूस आहे, आणि ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्याशी एवढं इमान राखावंच लागतं. "ज्याच्या पोटात शेवट राहत नाही त्याच्या घरचं पानी पिऊ नये," असं ते म्हणायचे. नुसतं म्हणत नसत, आमच्या गल्लीत एक घर असं होतं जिथलं पाणी ते खरोखरच पीत नसत.

मी काटोलचा. सत्तर साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. नागपूरला सरकारी कचेरीत चिकटलो आणि खोली शोधत नंदनवनात फिरत होतो. कुणीतरी बोट दाखवलं त्या घरात गेलो, तर एक किडकिडीत गृहस्थ बाजेवर मांडी घालून पुस्तक वाचत बसलेले. नाव, गाव, जात, पगार यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पुस्तकातून डोळे वर केले आणि म्हणाले, "तमाळगड वाचला का गा?"

"वाचला. सहा भाग."

"कुठपर्यंत?"

"भद्रकेतूचा डोळा जातो तिथपर्यंत."

"पुढचं कोनी सांगतलं?"

"नाही."

"मंग ठेव सामान. मांगच्या खोलीत नळ आहे. आन पुढचे भाग वाचून झाले तरी मले काही सांगाचं नाही."

"पण तुम्ही तर सगळेच वाचले असतील ना?"

"म्हनून काय झालं? सवय चांगली ठेवावी मानसानं."

नाव त्यांनी पुढंही कधी विचारलं नाही. गाव तेवढं कळलं, आणि मी त्या घरात शेवटपर्यंत 'काटोल' होतो.

तमाळगड म्हणजे जादूच्या कादंबऱ्यांची एक न संपणारी माळ. एकवीस भाग. पाण्यावरून धावणारे घोडे, बोलणारे दरवाजे, शापानं झाडं झालेली माणसं, आणि या सगळ्याच्या मध्ये दोन जादूगार. सोमदत्त पांढऱ्या दाढीचा, सज्जन. भद्रकेतू एकाक्ष आणि पाताळयंत्री. दोघं एका गुरूचे शिष्य, एकेकाळचे जिवलग, आणि नंतर एकमेकांच्या जिवावर उठलेले. का उठले, ते लेखकानं कधी सांगितलं नव्हतं. दर भागात तो वाचकाला अगदी काठापर्यंत न्यायचा आणि लिहायचा, 'त्या सकाळी आश्रमात काय घडले, ते सांगण्याची ही वेळ नव्हे.' निम्मं नागपूर यावर डोकं लढवत असे. कुणी म्हणे राजकन्या असणार, कुणी म्हणे मंत्राची चोरी. काकाजी सोमदत्ताचे परमभक्त. त्यांच्या सायकलचं नाव वायुवेग होतं, कारण सोमदत्ताच्या घोड्याचं तेच होतं. पंक्चर झालं की ते काकूंना सांगत, "वायुवेग घायाळ झाला."

पण त्यांचं खरं वेड वेगळं होतं. कुठल्याही गोष्टीचा शेवट कुणी आधी सांगितला की ते बिथरत. क्रिकेटची मॅच असली की दिवसभर कानात कापूस. दुसऱ्या दिवशी पेपर आला की बातमीवर पोस्टकार्ड आडवं ठेवायचं आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायचं, म्हणजे कोण जिंकलं ते चुकून दिसू नये. मथळा काकूंनी आधीच कात्रीनं कापून ठेवलेला असे. एकदा अमरावतीहून निरोप आला की काकूंच्या भाचीची सुटका झाली. निरोप्या पुढं तोंड उघडणार, तोच काकाजी ओरडले, "थांब! पोट्टा का पोट्टी ते सांगू नोको. आमी येऊन पाहू." काकूंनी बिचारीनं दोन्ही तऱ्हेची झबली शिवली.

आणखी एकदा त्यांच्या मावसभावाकडचा माणूस धापा टाकत आला. "काकाजी, वाईट बातमी आहे."

"किती वाईट ते सांगू नोको," काकाजी म्हणाले, आणि खांद्यावर पंचा टाकून, मान खाली घालून निघाले. तिथं पोचले तर मावसभाऊ पायाला प्लास्टर घालून तर्री-पोहे खात बसलेला. काकाजींच्या खांद्यावरचा पंचा आणि चेहरा बघून तो जो काय चिडला, की पुढच्या दोन दिवाळ्या येणं-जाणं बंद होतं. काकाजींना मात्र त्याचं काही नाही. "पाहा," मला म्हणाले, "आधी सांगतलं असतं तं मले एवढा आनंद झाला असता का?"

त्या घराला पुढून दरवाजा नव्हता. रस्त्याच्या बाजूला सरळ, कोरी, पिवळी भिंत. आत जायचं तर बाजूच्या बोळातून, न्हाणीघराच्या सांडपाण्यावरून उडी मारून जावं लागे. पाहुणे विचारत, "काहून असं?" काकाजी म्हणत, "वास्तुशास्त्र." कुठल्या वास्तुशास्त्रात न्हाणीवरून गृहप्रवेश सांगितला आहे, ते कुणी विचारत नसे. पिवळ्या भिंतीच्या बरोबर समोर दुसरं घर होतं. त्याला मात्र छान रुंद ओटा होता, आणि ओट्यावर सकाळ-संध्याकाळ एक धिप्पाड गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत बसलेले असत. त्यांना सगळी गल्ली काही ना काही हाक मारी. काकाजी त्यांचं नाव उच्चारत नसत. काकू 'समोरचे' म्हणत, म्हणून मीही समोरचे म्हणू लागलो. काकाजी म्हणत, "तो भद्रकेतू." पाणी पीत नसत ते घर हेच.

मग काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकायचा आहे. उन्हाळ्यात हात लावायचा नाही, थंडीत ऑपरेशन करू. एवढं सांगून ते म्हणाले, "आणि ऑपरेशननंतर..." तोच काकाजींनी हात वर केला. "डॉक्टरसाहेब, शेवट सांगू नोका." डॉक्टर नवीन होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर आल्यावर ते पायरीवरच थांबले. मग म्हणाले, "आंबा पिकाची वाट पाहिली, संत्रा पिकाची पाहिली. आता हे." हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. ज्या माणसानं आयुष्यभर अक्षर अक्षर चाखत वाचलं, त्याला समोरचं पान पिठासारखं दिसत होतं, आणि पुढं कधी दिसेल की नाही तेही त्यानं विचारू दिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात पुस्तक आलं. एकविसाव्या भागात सगळं संपलं असं लोक धरून चालले होते. सोमदत्त जिंकला होता, भद्रकेतू दगड झाला होता. आणि लेखकानं म्हातारपणी अचानक एक आधीचाच भाग लिहिला, दोघं पोरसवदा असतानाचा, आश्रमातला. त्या सकाळी काय घडलं, ते सांगण्याची वेळ शेवटी झाली होती.

आमच्या चौकातल्या भाड्याच्या लायब्ररीत हलकल्लोळ झाला. पहिला प्रश्न नंबराचा. लायब्ररीवाले पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी डकवत. बावीस लिहावं तर गोष्ट पहिल्याच्या आधीची, एक लिहावं तर तो भाग आधीच फाटका होऊन पडलेला. शेवटी त्यांनी भलं मोठं शून्य काढलं, आणि मंडळी त्याला 'शून्यावा भाग' म्हणू लागली. मागणी बघून त्यांनी दोन प्रती आणल्या. एक सगळ्यांत फिरायला, एक काकाजींची. काकाजींना पहिला मान, हा तिथला जुना रिवाज होता.

दर रविवारी सकाळी लायब्ररीच्या टिनाखाली मंडळी जमायची आणि पुस्तकांवर मतं द्यायची. तिथले दोन नियम काकाजींनीच घालून दिलेले. अर्ध्या पुस्तकावर मत द्यायचं नाही, आणि एकाचं जरी वाचायचं राहिलं असलं तरी शेवट उघडा करायचा नाही. त्या उन्हाळ्यात पहिलं मत दिलं वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामातल्या कारकुनानं. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून तमाळगडासाठी सायकल मारत यायचा.

"मी सांगतो," तो म्हणाला. "माल पोचला, पार्टीनं सही केली, ट्रक रिकामा परत आला. आता मी मालाची बिल्टी वाचून काय करू? सोमदत्त म्हातारा होऊन जिंकते, हे मले माहीत आहे ना. मंग तो पोरपणी विहिरीत पडला तं मले काहून भेव वाटन?"

"भीती नाही वाटली तरी वाचता येतं की," बाई म्हणाल्या. बाई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत. छप्पनच्या दीक्षेला आईचं बोट धरून गेल्या होत्या, आणि पुस्तक कुठलंही असो, त्या ते उलटसुलट करून, पारखून घेत. "एकवीस भाग झाले. तो एवढा मोठा आश्रम झाडतं कोण, पाणी भरतं कोण, हे लेखकानं कधी लिहिलं होतं का? मले तर वाटे, तिथं जादूनंच झाडून निघत असन. या भागात ती झाडणारी पोरगी आहे. भिंतीआडून ऐकून ऐकून तिचे सगळे मंत्र पाठ झाले. मले आवडला हा भाग. उशिरा सुचलं त्याले, पण सुचलं."

एका पेन्शनरांची तक्रार अशी, की दोन डोळ्यांचा, देखणा भद्रकेतू त्यांच्या मनात बसतच नाही. "इतके वर्षं त्याले शिव्या दिल्या. आता म्हनते, तो गुरूची गाय हातानं चारे. मंग आमी शिव्या कोनाले द्याच्या?"

काकाजींचं मत पुस्तक न उघडताच ठरलं होतं. "ज्याचा शेवट एकवीस भाग आधीच छापून टाकला, ते पुस्तक नाही. तो पंचनामा आहे." असं म्हणून त्यांनी आपली प्रत पंचनाम्यासारखीच काखेत घट्ट धरली आणि घरी नेली.

आश्चर्य समोरच्यांचं होतं. ज्या माणसाच्या गप्पांनी टिन तापायचं, तो त्या उन्हाळ्यात दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, तोंड मिटून बसू लागला. कुणी पुस्तकाच्या उत्तरार्धाकडे वळलं की ते उठून सरळ रस्त्यावर जायचे आणि उन्हात उभे राहायचे. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल.

घरी काकाजींनी पुस्तक उशाखाली ठेवलं. एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर ते बाजेवर माझी वाट बघत बसलेले. "काटोल, तुले वाचता येते ना गा?"

असं माझं वाचन सुरू झालं. रोज संध्याकाळी कूलरसमोर बाजेवर ते, खाली सतरंजीवर मी. कूलरच्या आवाजात मला ओरडावं लागे, आणि ओरडून वाचताना शृंगार, वीर आणि करुण हे सगळे रस एकाच सुरात निघत. काकाजी डोळे मिटून ऐकत आणि मधूनच म्हणत, "तू वाचून राहिला का रेल्वेचं टाइमटेबल सांगून राहिला?" पण त्यांना खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होता. मी पान उलटलं की ते दचकायचे. दर पानाला. "विचारत जा ना गा," म्हणायचे. काय विचारायचं, ते मला कळेना.

शेवटी मी काकूंना गाठलं. त्या गच्चीवर कुरड्या घालत होत्या.

"बाप्पा! तुले कोनी सांगतलं नाही?" काकू म्हणाल्या. "अरे, हे आन समोरचे शाळेपासूनचे दोस्त. एक पुस्तक आनत, दोघं मिळून वाचत. मांडीले मांडी लावून. त्याची नजर भरभर पळे, आन ह्यांचं तं तू पाह्यलं, अक्षर अक्षर चोखून खाते. त्याचं पान आधी संपे. मंग तो विचारे, 'उलटू?' हे म्हनत, 'थांब.' मंग थोड्या वेळानं, 'हं, उलट.' अस्सं दिवसभर. मी नवी नवरी होऊन आली तं मले वाटलं, हे काय याड आहे माय! मी चुलीपाशी, आन बाहेर उलटू-थांब, उलटू-थांब."

"मग?"

"मंग काय. हे प्लाट दोघांनी संगंच घेतले. समोरासमोर. ओट्यावर बसून वाचता यावं म्हनून. आन घर बांधाच्या आधीच तो अकरावा भाग आला."

अकराव्या भागात काळा स्वार तोंडावरचा बुरखा काढतो. पाच भाग तो बुरखा घालून हिंडत होता, आणि हे दोघं पाच भाग झुरत होते. पुस्तक आलं त्याच दिवशी काकाजींना लग्नासाठी काटोलला जावं लागलं. ठरलं असं, की पुस्तक समोरच्यांकडे राहील आणि काकाजी परतल्याशिवाय कुणी उघडायचं नाही. समोरच्यांनी नुसतं चित्र बघायला म्हणून उघडलं, आणि संपवूनच खाली ठेवलं. काकाजी परतले तेव्हा ते बसस्टँडवर घ्यायला गेले. काकाजींच्या एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात संत्र्यांची टोपली. बसच्या पायरीवरून ते उतरतात न उतरतात तोच समोरच्यांनी आनंदानं मिठी मारली आणि म्हणाले, "अबे, काळा स्वार म्हनजे सोमदत्ताची मायच निघाली बे!"

"ह्यांनी टोपली तिथंच ठेवली," काकू म्हणाल्या. "एकटे रिक्षात बसून घरी आले. तवापासून एक शब्द नाही. घर बांधाले घेतलं तं दरवाजा ह्या बाजूले काढला. रोज न्हानीवरून उडी मारून माहे गुडघे गेले."

"एवढ्यावरून, काकू?"

"मी बी असंच म्हनलं होतं," काकू कुरडईचा साचा फिरवत म्हणाल्या. "चार दिवस माह्याशी बोलले नाही."

त्या संध्याकाळी मी पान उलटण्याआधी विचारून पाहिलं, "उलटू?" काकाजींनी मान दुसरीकडे फिरवली. "तू नोको विचारू," म्हणाले. मग मी पुन्हा आपला टाइमटेबल वाचत राहिलो.

आणि एक दिवस ते प्रकरण आलं. आश्रमाजवळ एक तळं. त्याच्या तळाशी बुडालेलं एक नगर, आणि बारा वर्षांतून एकदाच, पहाटे, ते दिवे लावलेलं नगर वर येतं. सोमदत्त आणि भद्रकेतू काठावर जागत बसतात. ज्याचा डोळा लागेल त्याला दुसऱ्यानं उठवायचं, असा शब्द दिलेला. सोमदत्ताला डुलकी लागते. नगर वर येतं. भद्रकेतू त्याला उठवत नाही. एकटाच पाहतो. आणि सकाळी सोमदत्त डोळे उघडतो तेव्हा त्याचे हात धरून, भान हरपून सांगत सुटतो, त्या नगरात काय काय होतं. सोमदत्त हात सोडवून घेतो. बस, एवढंच. त्या सकाळी आश्रमात एवढंच घडलं होतं.

मी वाचायचं थांबवलं. कूलरचं पाणी ठिबकत होतं. काकाजींचे डोळे मिटलेले होते, पण ते झोपले नव्हते.

"पुढं वाचू?" मी विचारलं. "आता एकच प्रकरण राहिलं. त्यानं का उठवलं नाही, ते बहुतेक..."

"पुस्तक ठेवून दे," ते म्हणाले.

पुढं दोन दिवस ते वायुवेगाशीसुद्धा बोलले नाहीत. रविवारी मात्र सकाळीच टोपी घालून तयार. लायब्ररीत गेल्या गेल्या उभे राहिले. "मले मत द्याचं आहे."

"काकाजी, तुमचं एक प्रकरण राहिलं ना?" लायब्ररीवाले म्हणाले. "तुमचाच नियम आहे."

"नियम मी केला, मीच मोडून राहिलो. हा लेखक म्हातारपणी सठियाला आहे. अरे, एकवीस भाग! नगरं जळाली, मानसांची झाडं झाली, याचा डोळा गेला, त्याचं राज्य गेलं. कायले? तं एकानं एकट्यानं तळं पाह्यलं! दोस्ताले उठवलं नाही! हे कारन झालं? चूक झाली असन त्याची, मी नाही म्हनत नाही. पन सोमदत्तासारखा शहाना मानूस एवढ्याश्या गोष्टीसाठी जल्मभर..."

तिथं ते थांबले. आपण काय बोलून राहिलो, ते त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडलं असावं.  वाडीचा कारकून आपली बोटं मोजू लागला. दाराशी समोरचे चपलांकडे बघत होते, आज ते उठून बाहेर गेले नव्हते.

बाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, वर्गातल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "किती मोठी गोष्ट असती तर चाललं असतं, काकाजी?"

काकाजींनी टोपी नीट केली. दाराकडे गेले, ढिगात पाय घातले आणि चालू लागले. मी मागे धावलो.

मे महिना, नागपूर, अकरा वाजलेले. रस्त्याचं डांबर पायाखाली मऊ लागत होतं. अर्ध्या वाटेत काकाजी थांबले. "काटोल, पाहा बरं. माह्या चपला एवढ्या सैल काहून झाल्या?"

मी पाहिलं. टायरच्या तळव्याच्या, होडीएवढ्या त्या चपला होत्या. मोतीबिंदूनं घात केला होता. "काकाजी," मी म्हणालो, "या समोरच्यांच्या आहेत."

ते रस्त्याच्या मधोमध खांबासारखे उभे राहिले. काढाव्या तर डांबर, घालाव्या तर भद्रकेतू. एक पाय बाहेर काढून जमिनीला लावला, आणि चटका बसल्यावर मुकाट्यानं परत आत घातला. तसेच फटाक फटाक करत घरी आलो. आल्यावर त्यांनी त्या चपला न्हाणीशी काढल्या आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. "ओ, कोनी आहे का? दरवाजा कोन्या बाजूनं आहे गा या घराले?"

मी खिडकीतून डोकावलो. कोऱ्या पिवळ्या भिंतीसमोर समोरचे उभे होते. उभे कसले, एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर नाचत होते. अनवाणी. लायब्ररीपासून तसेच आलेले. काकाजींच्या चपला त्यांनी दोन्ही हातांत, पूजेचं ताट धरावं तशा पुढं धरल्या होत्या.

मी त्यांना बोळातून आत आणलं. न्हाणीवरून त्यांनीही उडी मारली. काकाजी उठून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याले विचार," काकाजी मला म्हणाले, "चपला हातात होत्या तं घातल्या काहून नाही."

"त्याले सांग," समोरचे मला म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूले आता मी विचारल्याबिगर हात लावत नाही. पाय तं नाहीच."

काकू माठातल्या पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि समोरच्यांच्या पायांवर ओतली. पाणी पडल्यावर त्या एवढ्या मोठ्या माणसानं डोळे मिटून घेतले. तळव्यांना फोड आले होते.

"त्याले म्हन," काकाजी अजून माझ्याशीच बोलत होते, पण आवाज जरा बसला होता, "त्याचं पुस्तक तं केव्हाचंच वाचून झालं असन. आता इथं तोंड उघडू नोको म्हन."

समोरच्यांनी मला हातानं बाजूला केलं. "नाही वाचलं," ते सरळ काकाजींना म्हणाले.

"काय?"

"एक पान बी नाही वाचलं. तुहं व्हाचं आहे ना अजून."

काकाजी त्यांच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. तेव्हा मला लायब्ररीच्या दाराशी मुकाट बसलेले, शेवटाची गोष्ट निघाली की उठून उन्हात जाणारे समोरचे आठवले. पुढं लायब्ररीवाल्यांनी सांगितलं ते असं, की काकाजींना पहिला मान हा रिवाज त्यांनी काढलेलाच नव्हता. अकराव्या भागानंतर समोरच्यांनी येऊन सांगितलं होतं, की आधी त्याला द्या, त्याचं परत आलं की मग मला. बाराव्यापासून एकविसाव्यापर्यंत, नागपुरातला सगळ्यात भरभर वाचणारा हा माणूस, सगळ्यात सावकाश वाचणाऱ्या माणसाचं पुस्तक संपण्याची वाट पाहत आला होता.

हे काकाजींना त्या क्षणी कुणी सांगितलं नाही. पण 'तुहं व्हाचं आहे ना अजून' एवढं त्यांना पुरलं असावं.  ते बाजेवर थोडे सरकले.

"मोठ्यानं वाचता येते का अजून तुले?"

"येते."

"हा काटोल टाइमटेबल वाचते."

समोरचे ओल्या पायांनी बाजेवर बसले. मांडीला मांडी लागली. मी उशाखालचं पुस्तक काढून शेवटचं प्रकरण उघडून दिलं. त्यांचा आवाज भारदस्त होता. दोन ओळींतच वाचन लागलं. काकाजी मान वाकवून पानावर झुकले. त्या डोळ्यांना तिथलं एक अक्षरही दिसत नव्हतं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. काकू ओला हात पदराला पुसत दारातच उभ्या राहिल्या.

पान संपलं. समोरच्यांचा अंगठा कोपऱ्यावर गेला आणि तिथंच थांबला.

"उलटू?"

"थांब," काकाजी म्हणाले.

समोरचे थांबले. काकाजी पानाच्या शेवटच्या ओळीशी नाक नेऊन, सावकाश, डावीकडून उजवीकडे मान फिरवत राहिले.

"हं," ते म्हणाले. "उलट आता."